डोनाउमोसचा बटाटा आणि एकादशीचे ताट

जर्मनीत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाच्या वाट्याला पहिल्या आषाढी एकादशीला एक फजिती बहुधा येतेच. सुपरमार्केटच्या फळीवर, रव्याच्या आणि पुडिंगच्या पाकिटांशेजारी, ‘पेर्लझागो’ अशी अक्षरे असलेली पुडी दिसते. आत पांढरेशुभ्र, गोल, टपोरे दाणे. साबुदाणाच तो, असे समजून रात्री भिजत घातला जातो आणि सकाळी कढईत खिचडीऐवजी खळ तयार होते. दोष भिजवणाऱ्या हाताचा नसतो. जर्मनीत ‘झागो’ या नावाने मिळणारे दाणे बहुतेक वेळा बटाट्याच्या स्टार्चचे असतात. फळांच्या गोड सारात किंवा लाल फळांच्या ‘रोटे ग्र्युत्से’सारख्या पदार्थात दाटपणा आणण्यासाठी ते वापरतात; मोकळी, दाणेदार खिचडी त्यांच्याकडून अपेक्षितच नसते.

तथापि, जर्मन झागोला नकली म्हणण्यापूर्वी आपल्या साबुदाण्याचे कुळ पाहिले पाहिजे. सागू हे मूळचे आग्नेय आशियातील एका ताडवर्गीय झाडाच्या खोडातले पीठ. आपल्याकडचा साबुदाणा त्या झाडापासून होत नाही. तो तमिळनाडूतील सेलमच्या परिसरात कसाव्याच्या, म्हणजे टॅपिओकाच्या, कंदापासून तयार होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पूर्वेकडून येणारा माल बंद पडला तेव्हा हा उद्योग तिथे उभा राहिला. म्हणजे एकाच झाडाच्या दोन पर्यायांपैकी एक जर्मन स्वयंपाकघरात रुजला, दुसरा मराठी देवघराच्या दारापर्यंत पोहोचला. गंमत अशी की बटाटा उपासाला चालत असल्यामुळे, ‘पेर्लझागो’ची ती खळसुद्धा व्रताच्या दृष्टीने निर्दोषच ठरते!

या निमित्ताने इंगोलश्टाट आणि परिसरातील घरगुती पदार्थांकडे पाहण्यासारखे आहे. ऑडीचे आणि बिअरच्या शुद्धतेचा १५१६ चा फतवा जिथून निघाला ते शहर, एवढीच या गावाची ओळख अनेकांना असते. पण इंगोलश्टाटच्या घरगुती स्वयंपाकाचा खरा इतिहास शहराच्या नैर्ऋत्येला, गाडीने अर्ध्या तासाच्या आत गाठता येणाऱ्या डोनाउमोस या सपाट, काळ्या मातीच्या प्रदेशात आहे.

डोनाउमोस ही दक्षिण जर्मनीतील सर्वांत मोठी सखल दलदल. सुमारे १८० चौरस किलोमीटरच्या या पाणथळीत अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कायमची वस्ती जवळजवळ नव्हती. १७७७ च्या अखेरीस बव्हेरियाची गादी पालाटिनेटच्या कार्ल थिओडोरकडे आली. हा राजा बव्हेरियनांना परका. त्याचे मन मानहाइममध्ये रमलेले. त्याच्या वारशावरून प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्यात १७७८-७९ मध्ये जे युद्ध झाले, त्यात लढाई थोडी आणि सैनिकांची अन्नासाठी धावपळच अधिक झाली. म्हणून लोकांनी त्याला ‘बटाट्याचे युद्ध’ असे नाव ठेवले. याच कार्ल थिओडोरच्या काळात, १७९० पासून, डोनाउमोसमध्ये कालवे खणून पाणी काढण्यास प्रारंभ झाला. निचरा झालेल्या जमिनीवर वसाहती वसवल्या गेल्या. कार्ल्सहुल्ड, कार्ल्सक्रोन ही गावांची नावे आजही त्या राजाचे नाव मिरवतात. ‘कार्ल्सहुल्ड’ म्हणजे ‘कार्लची कृपा’.

प्रत्यक्षात त्या कृपेने पोट भरत नव्हते. पालाटिनेट आणि इतर प्रदेशांतून आलेल्या वसाहतवाल्यांना दिलेले तुकडे फार लहान होते. पीट म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची ती माती धान्याला धार्जिणी नव्हती, आणि उन्हाळ्यातही अवेळी पडणारे दव-हिम पीक जाळून टाकी. कित्येक कुटुंबे देशोधडीला लागली, काही पुढे अमेरिकेला गेली. जी राहिली त्यांना हात दिला तो बटाट्याने. भुसभुशीत काळ्या मातीत तो वाढे, थोड्या जागेत पुष्कळ येई आणि दळणाची गरज नसल्याने घरातल्या चुलीवर थेट शिजे. डोनाउमोसच्या पाककलेची सुरुवात अशी गरजेतून झाली. ‘कोंड्याचा मांडा करणे’ हा आपला वाक्प्रचार तिथल्या गृहिणींना ठाऊक नव्हता. कृती मात्र तीच होती.

बटाट्याबद्दल बव्हेरियात त्या वेळी केवढा तिटकारा होता, याची एक नोंद मोठी बोलकी आहे. अमेरिकेत जन्मलेला आणि बव्हेरियाच्या चाकरीत असलेला बेंजामिन थॉम्सन, म्हणजेच काउंट रुम्फोर्ड, याने १७९० मध्ये म्युनिकच्या गरिबांसाठी सार्वजनिक स्वयंपाकघर सुरू केले. बार्ली, वाटाणे आणि बटाटे यांचे त्याचे स्वस्त सूप पुढे युरोपभर प्रसिद्ध झाले. पण आरंभी बटाटे चोरून घालावे लागले, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. वेगळ्या खोलीत ते इतके शिजवत की त्यांचे रूप ओळखू येऊ नये. जेवणाऱ्यांना चव आवडली, मग गुपित फुटले, आणि त्यानंतर विरोध मावळला. आज ज्या प्रांतात रविवारचे जेवण बटाट्याच्या क्न्योडलशिवाय पुरे होत नाही, त्या प्रांतातली ही हकीकत, आणि तिला अजून अडीचशे वर्षेही झालेली नाहीत.

आता पदार्थांकडे वळू. मराठी घराला सर्वांत जवळचा वाटावा असा पदार्थ म्हणजे ‘रायबरडाची’. कच्चे बटाटे बारीक किसायचे, फडक्यात बांधून घट्ट पिळायचे. निघालेले पाणी फेकायचे नाही, जरा वेळ तसेच ठेवायचे. तळाशी पांढरा स्टार्च बसतो, तो खरवडून पुन्हा किसात मिसळायचा. अंडे, मीठ, लागल्यास थोडे पीठ घालून चपट्या टिक्क्या तव्यावर खरपूस तळायच्या. तळण्यासाठी डुकराची चरबी किंवा ‘बुटरश्माल्त्स’ वापरतात. बुटरश्माल्त्स म्हणजे लोणी कढवून काढलेले आपले तूपच. परदेशातल्या मराठी घरांत कढवण्याचा कंटाळा आला की तेच डबाबंद रूपात आणले जाते. रायबरडाचीसोबत आंबट कोबी तरी घेतात, नाही तर सफरचंदाचा गोड गर. तिखटमिठाच्या पदार्थाशी गोड गर हे प्रथम विचित्र वाटते. परंतु थालीपिठाबरोबर गुळाचा खडा खाणाऱ्यांनी त्यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. अंडे वगळून जिरे, मिरची आणि दाण्याचे कूट घातले की हाच पदार्थ आपल्या उपासाच्या बटाट्याच्या थालीपिठाच्या पंक्तीला येतो.

दुसरा पदार्थ ‘फिंगरनूडल’. उकडलेला बटाटा आणि पीठ मळून, तळहातावर वळून, दोन्ही टोकांना निमुळत्या केलेल्या बोटाएवढ्या वळ्या. आधी उकळत्या पाण्यातून काढून मग तुपावर परततात. नावातच बोट आहे. आपल्याकडे लग्नाआधी रुखवतासाठी बायका एकत्र बसून वळवट करत, त्यात गव्हले, मालत्या, नखुल्या यांच्याबरोबर ‘बोटवे’ही असत. एकमेकांशी कधीही संबंध न आलेल्या दोन प्रदेशांतल्या बायकांनी हाताच्या त्याच अवयवावरून पदार्थाला नाव द्यावे, यात आश्चर्य वाटू नये. दोन्हीकडे साचा नव्हता, बोटेच होती.

क्न्योडलला मात्र आपल्याकडे तंतोतंत जोड नाही. निम्मे कच्चे आणि निम्मे उकडलेले बटाटे एकत्र करून वळलेले हे मोठे गोळे, पोटात पावाचे परतलेले चौकोनी तुकडे. पाणी खदखदता कामा नये, नुसते थरथरले पाहिजे. नाही तर गोळा फुटून पातेल्यात पेज होते. उकडीचा मोदक न फुटू देण्यात कोकणातल्या सुगरणीची जी परीक्षा, तीच इथे. याउलट ‘एर्डेप्फेलकेस’ अगदी सोपा: उकडून कुस्करलेला बटाटा, आंबट साय, बारीक कांदा, मीठ-मिरपूड, पावावर लावून खातात. नावाचा अर्थ ‘बटाट्याचे चीज’, आणि चीजचा त्यात कणही नसतो. ज्यांना खरे चीज परवडत नव्हते त्यांनी ठेवलेले हे नाव आहे.

या पदार्थांना टिकवले ते केवळ गरिबीने नव्हे, धर्मानेही. बव्हेरिया कट्टर कॅथलिक. इंगोलश्टाटचे विद्यापीठ तर ल्यूथरचा प्रतिस्पर्धी योहान एक याचा बालेकिल्ला. कॅथलिक घरांत शुक्रवारी आणि ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या व्रतकाळात मांस वर्ज्य असे. त्यामुळे शुक्रवारचा दिवस रायबरडाची, वाफेवरचे ‘डाम्पफनूडल’ अशा बिनमांसाच्या पदार्थांचा ठरला. निर्बंध पाळताना जिभेची सोय कशी लावावी, ही कला इथेही तितकीच विकसित झाली. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हे म्हणणारे आपण एकटे नाही.

येथे इंगोलश्टाटशी निगडित आणखी एका माणसाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. लेओनहार्ट फुक्स याने १५२४ मध्ये इंगोलश्टाट विद्यापीठातून वैद्यकाची पदवी घेतली आणि १५२६ पासून काही वर्षे तिथे अध्यापन केले. १५४२ मध्ये बासेल येथे प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वनस्पतिकोशात मिरचीचे सुरेख चित्र आहे, आणि तिला त्याने नाव दिले आहे ‘कालिकतची मिरी’. मिरची अमेरिकेतून आली हे त्याला ठाऊक नव्हते. तिखट वस्तू म्हणजे हिंदुस्थानची, असा त्याचा समज. मक्यालाही त्याने तुर्की धान्य म्हटले. कोलंबसाच्या सफरीला अर्धशतक उलटते न उलटते तोच अमेरिकेतले पीक कुठले, याविषयी युरोपातल्या विद्वानाचीही दिशाभूल झाली होती. मग आपल्या आजीने मिरचीला अनादी मानले तर तिला दोष कसा द्यावा?

एकादशीचे ताट या दृष्टीने पाहिले तर ते फार नवे आहे. बटाटा हा शब्दच पोर्तुगीजांकडून आलेला. रताळे, शेंगदाणा, मिरची आणि साबुदाण्याचा कसावा ही सारी दक्षिण व मध्य अमेरिकेची देणगी. राजगिराही तिकडचाच मानला जातो. वरी आणि शिंगाडा हेच काय ते आपले जुने सोबती. सोळाव्या शतकापूर्वीच्या कोणत्याही व्रतग्रंथात बटाट्याचे किंवा शेंगदाण्याचे नाव असणे शक्य नव्हते. या वस्तू उपासाला चालू लागल्या त्यामागे, माझ्या मते, त्यांचे नवखेपणच आहे. निषेध होता तो तांदूळ, गहू, डाळी अशा परिचित धान्यांचा. यादीत नसलेला पाहुणा सहज आत आला. म्युनिकच्या गरिबांनी ज्या बटाट्याला तोंड लावायचे नाकारले, त्याला मराठी घराने थेट व्रताच्या ताटात बसवले. महाबळेश्वरला एकोणिसाव्या शतकात चिनी कैद्यांकडून मळ्यांत बटाटा पिकवून घेतला जात असे. आज पुणे जिल्ह्यातील आंबेगावचे सातगाव पठार या पिकासाठी ओळखले जाते.

जर्मनीत स्वयंपाक करणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक सूचना येथेच द्यावी. इथे बटाटा जातीपेक्षा शिजण्याच्या गुणावरून विकला जातो. ‘फेस्टकोखेंड’ शिजूनही फोडी धरून ठेवतो. रस्सा, काचऱ्या आणि उपासाची भाजी यांसाठी तोच घ्यावा. ‘मेलिगकोखेंड’ पिठूळ होतो; वड्याचे सारण, पॅटिस आणि क्न्योडल त्याचे. मधला ‘फोरवीगेंड फेस्टकोखेंड’ दोन्हीकडे चालतो आणि दोन्हीकडे थोडा कमी पडतो. पिशवीवरचा रंग बहुधा अनुक्रमे हिरवा, निळा आणि लाल असतो. बटाटेवडा चिकट झाल्याची तक्रार करणाऱ्यांनी आधी पिशवीचा रंग पाहावा.

डोनाउमोसचा बटाटा आता केवळ चुलीवर जात नाही. जवळच्या श्रोबेनहाउझेनमध्ये बटाट्याच्या स्टार्चचा कारखाना आहे. परंतु ज्या जमिनीने त्याला आधार दिला ती जमीनच हळूहळू नाहीशी होत आहे. पाणी काढलेले पीट प्रथम आकसते, मग हवेशी संयोग होऊन अक्षरशः जळत जाते आणि कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने उडून जाते. नांगरट जितकी अधिक, तितका हा क्षय वेगवान. म्हणून दलदलीत पुन्हा पाणी राखण्याचे प्रयत्न बव्हेरियात चालू आहेत. क्लाइनहोहेनरीड येथील ‘हाउस इम मोस’च्या ओल्या कुरणांत युरोपीय रानगवे चरतात, आणि त्याच आवारातल्या खुल्या संग्रहालयात वसाहतवाल्यांची नीचशी घरे उभी आहेत. पाणी वर आले तर पिढ्यान्‌पिढ्यांचा बटाटा कुठे लावायचा, हा शेतकऱ्यांचा प्रश्न आहे, आणि तो खोटा नाही. पाणी खालीच ठेवले तर माती किती दिवस पुरणार, हा दुसऱ्या बाजूचा प्रश्नही खोटा नाही.

लुडविग्समोस या गावात १८३६ पासून जमिनीची पातळी मोजणारा एक खांब आहे. रोवला तेव्हा त्याचे डोके जमिनीच्या पातळीला होते. आज ते जवळपास तीन मीटर उंचावर आहे. खांब हललेला नाही, भोवतालची जमीन खाली गेली आहे.