पस्तिशीच्या रेघेचा मागोवा

रत्नागिरीतल्या सोनोग्राफी सेंटरमध्ये ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी दर्शनी भागात असते. तिथेच गरोदर बाईचं वय ३६ किंवा ३८ निघालं की घरच्यांचा जीव खालीवर होतो. ही पाटी आणि पस्तिशीची ही धास्ती, दोन्हींचं मूळ एकच: गर्भजल तपासणी.

डाऊन सिंड्रोमचा संबंध आईच्या वयाशी आहे, हे लायनेल पेनरोज यांनी १९३३ मध्ये दाखवलं. त्यामागचं जादा गुणसूत्र १९५९ मध्ये सापडलं आणि १९६६ पासून गर्भजलातल्या पेशी वाढवून गुणसूत्रं तपासता येऊ लागली. पोटातून सुई घालून १५-२० मिलिलिटर पाणी काढायचं, पेशी वाढेपर्यंत थांबायचं, मग निदान. सुईमुळे क्वचित गर्भपात व्हायचा, प्रयोगशाळाही मोजक्याच. मग ही तपासणी कुणाला सुचवायची? त्यासाठी ३५ वर रेघ ओढली गेली. शरीरात त्या वाढदिवशी काही उलथापालथ होत नाही. डाऊन सिंड्रोम असलेलं बाळ जन्मण्याची शक्यता ३५ व्या वर्षी साधारण ३५० मध्ये एक असते, ४० व्या वर्षी १०० मध्ये एक.

भारतात हे तंत्र १९७५ च्या सुमारास दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये व्यंग ओळखण्यासाठी आलं आणि त्यात बाळाचं लिंगही कळत असल्याने लवकरच मुली खुडण्यासाठी वापरलं जाऊ लागलं. मुंबईतल्या स्त्री-संघटना, डॉक्टर, कार्यकर्ते रस्त्यावर उतरले. १९८८ मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राने. ‘सेहत’, ‘मासूम’ या संस्था आणि कार्यकर्ते साबू जॉर्ज यांच्या सर्वोच्च न्यायालयातल्या याचिकेनंतर २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. निदान कोणत्या कारणांसाठी करता येईल, त्या यादीत पहिलंच कारण आहे: वय ३५ च्या वर.

रत्नागिरीला त्या पाटीची गरज नाही, असं समजू नये. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. पण तो आकडा फुगला तो पुरुष मुंबईला चाकरीला गेल्यामुळे. सहा वर्षांखालच्या मुलांत मुली मुलग्यांपेक्षा कमीच होत्या.

दरम्यान विज्ञान पुढे गेलं. अकराव्या ते चौदाव्या आठवड्यातला, बाळाच्या मानेमागचं पाणी मोजणारा एनटी स्कॅन आणि आईच्या रक्ताची डबल मार्कर चाचणी आली. आईच्या रक्तातच बाळाचा डीएनए असतो, हे १९९७ मध्ये डेनिस लो यांनी दाखवलं. त्यातून एनआयपीटी ही रक्तचाचणी आली. या चाचण्या फक्त शक्यता सांगतात. खात्री गर्भजल तपासणीसारख्या निदान चाचणीनेच होते. २००७ मध्ये अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने प्रत्येक वयाच्या गरोदर स्त्रीला तपासणीचा पर्याय द्यावा, असं सांगितलं. तिथे रेघ पुसट झाली; आपल्याकडे ती कायद्यात आणि सासूच्या बोलण्यात ठळकच आहे.

पस्तिशी ओलांडलेल्या बाईला भीती नको, वेळेवर माहिती हवी. तिसरा महिना उलटल्यावर पहिल्यांदा दवाखान्यात गेलं, तर एनटीची वेळ निघून जाते. पुढच्या तपासणीसाठी कोल्हापूर-मुंबई गाठायची झाली, तर आणखी दिवस जातात. चाचणीत ‘हाय रिस्क’ येणं म्हणजे निदान नव्हे, हेही तिला कुणीतरी नीट समजावलं पाहिजे. तपासणीआधी समजावून सांगणं तर कायद्याच्या पाचव्या कलमाने बंधनकारकच केलं आहे: तपासणीचे दुष्परिणाम सांगायचे, तिला समजेल अशा भाषेत लेखी संमती घ्यायची आणि तिची प्रत तिला द्यायची. सही करण्याआधी ते मराठीत वाचून घेण्याचा, आणि नको असेल तर नाही म्हणण्याचा, हक्क तिचा आहे.