लैंगिक संसर्गाची धास्ती

लैंगिक संसर्गाची धास्ती : अनोळखी किंवा जुजबी ओळखीच्या व्यक्तीशी शरीरसंबंध आल्यानंतर आपल्याला एचआयव्ही अथवा दुसऱ्या लैंगिक आजाराची लागण झाली असेल, या शंकेने मन पोखरणारी अवस्था. ती किती तीव्र होईल हे प्रत्यक्ष धोक्यापेक्षा अपराधीपणावर अधिक ठरते. त्यामुळे कंडोम वापरून एकदाच संबंध आलेला माणूस महिनोन्‌महिने झोपत नाही आणि वारंवार धोका पत्करणारा तपासणीला फिरकतही नाही. मराठीत अशा प्रश्नांना उघड उत्तरे देण्याचे धाडस र. धों. कर्वे यांनी 1927 मध्ये सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून केले, त्यापायी खटलेही सोसले. तरीही आज अनेकजण डॉक्टरांआधी भिंतीवरच्या गुप्तरोगाच्या जाहिराती गाठतात, याचे वाईट वाटते.

उपचार न घेणाऱ्या एचआयव्हीबाधित जोडीदाराशी कंडोमविना एकदा योनीसंभोग झाल्यास लागणीची सरासरी शक्यता स्त्रीला दहा हजारांत 8, तर पुरुषाला 4 धरतात. गुदमैथुनात ग्रहण करणाऱ्या व्यक्तीला ती सुमारे 138 आहे. गुप्तांगावर जखम असल्यास धोका वाढतो, कंडोमने तो पुष्कळ घटतो. जोडीदार नियमित औषधे घेत असेल आणि त्याच्या रक्तात विषाणू सापडण्याइतकाही उरला नसेल, तर संबंधांतून एचआयव्ही पसरत नाही. स्पर्श, उष्टे पाणी, संडासाचे भांडे किंवा डास यांतूनही तो पसरत नाही.

खरा धोका घडला असेल तर पहिले 72 तास मोलाचे असतात. या अवधीत, शक्य तितक्या लवकर, ‘पेप’ हा प्रतिबंधक औषधोपचार सुरू करून 28 दिवस पुरा केल्यास एचआयव्हीचा संसर्ग बहुधा टळतो. कावीळ ‘ब’ची लस घेतलेली नसेल तर तिच्याविषयीही डॉक्टरांच्या याच भेटीत विचारावे. प्रत्यक्षात हे तास लाजेत आणि मोबाइलवर लक्षणे शोधण्यात निघून जातात.

त्यानंतर येतो विंडो पीरियड, म्हणजे संसर्ग होऊनही तपासणीत न दिसण्याचा काळ. प्रतिजन आणि प्रतिपिंड दोन्ही शोधणाऱ्या प्रयोगशाळेतील तपासणीला 18 ते 45 दिवस लागतात. बोटातून रक्त घेऊन होणाऱ्या झटपट प्रतिपिंड-तपासणीला 90 दिवसांपर्यंत थांबावे लागते. चौथ्या दिवशीचा ‘निगेटिव्ह’ अहवाल म्हणूनच काही सिद्ध करत नाही. पेप घेतल्यास डॉक्टरांनी सांगितलेले वेळापत्रक पाळावे. एचआयव्हीच्या सुरुवातीला येणारा ताप, घसादुखी, पुरळ हे साध्या विषाणूजन्य तापातही असतात. आरशात जीभ न्याहाळून किंवा मानेतल्या गाठी चाचपून निदान होत नाही.

एचआयव्हीच्या भीतीत बाकीचे आजार मात्र विसरले जातात. परम्यात पुरुषाला बहुधा आठवड्याभरात लघवीची जळजळ आणि पू दिसतो, स्त्रीला अनेकदा काहीच जाणवत नाही. क्लॅमिडियाही असाच मुका असतो. उपदंशाचा न दुखणारा व्रण साधारण तीन आठवड्यांनी उठतो आणि आपोआप भरतो, आजार शरीरात तसाच राहतो. हे तिन्ही प्रतिजैविकांनी बरे होतात. दुकानातून अंदाजाने गोळ्या घेतल्या तर निदान हुकते.

योग्य वेळी केलेल्या तपासणीनंतरही विश्वास बसत नसेल, पुन्हापुन्हा प्रयोगशाळा बदलाव्याशा वाटत असतील, तर उपचार मनावर हवेत. चिंताविकार आणि मंत्रचळ यांवर समुपदेशन व औषधे गुणकारी ठरतात. आणखी एका रक्ततपासणीने मिळणारा दिलासा फार टिकत नाही.

सरकारी रुग्णालयांतील आयसीटीसी केंद्रांत एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन मोफत मिळते. लैंगिक आजारांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असते आणि 1097 या क्रमांकावर फोन करून विचारता येते. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तपासणीसाठी संमती आणि माहितीची गुप्तता बंधनकारक केली आहे. निकाल पक्का होईपर्यंत नेहमीच्या जोडीदाराशी कंडोम वापरावा. आपोआप तपासणी होईल या हेतूने रक्तदान करणे गंभीर चूक आहे. विंडो पीरियडमधले रक्त तपासणीतून निसटून रुग्णाला चढू शकते.