बार्ली वाइन: नाव एक, पेय दुसरे

'बार्ली वाइन' ही वाइन नव्हेच. द्राक्षाचा मणीही न लागणारी ती कडक बिअर. जोडशब्द मात्र जुना. इ.स.पू. 400च्या सुमारास ग्रीक सेनानी झेनोफनला आर्मेनियाच्या खेड्यांत 'जवाची वाइन' मिळाली. रांजणात काठोकाठ, वर दाणे तरंगताहेत, आणि प्यायची ती नळीने ओढून! पाणी न घालता फार जहाल, पण सवय झाली की गोड, असा त्याचा अभिप्राय. इंग्रजी 'बार्ली' (जव) हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या 'बेरे'वरून आला. 1900च्या आसपास इंग्लंडमधल्या बर्टनच्या बास या बिअर कंपनीने आपल्या 'नंबर वन' एलसाठी (एल हा बिअरचाच प्रकार) 'बार्ली वाइन' हे नाव रुळवले. मद्यार्क साधारण 8 ते 12 टक्के, म्हणून ब्रूपबमध्ये ती लहान, निमुळत्या तोंडाच्या पेल्यात येते. आधी मनुका-काकवीचा वास, मग घशात ऊब. अमेरिकेत ग्राहकाची फसगत नको म्हणून लेबलवर 'बार्लीवाइन स्टाइल एल' छापतात.