पत्र्याच्या पेटीतली हवा

कॅबिनेट लहान हवे असेल तर आवाज सोसा, आणि आवाज नको असेल तर टेबलाखाली भलाथोरला टॉवर ठेवा, हा सल्ला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर संगणक जुळवून घेणाऱ्याला अजूनही ऐकायला मिळतो. वीस वर्षांपूर्वी तो तंतोतंत बरोबर होता. आज तो निम्माच खरा उरला आहे. त्याचे कारण शोधायचे तर कॅबिनेटचा पत्रा, रंग, काच बाजूला ठेवून आतल्या हवेचा माग काढावा लागतो. लहान कॅबिनेट आणि शांत कॅबिनेट ही मुळात दोन वेगळी घराणी. गरम होणाऱ्या प्रत्येक भागाला बाहेरची हवा थेट मिळू लागली तेव्हा कुठे त्यांची सोयरीक जुळली.

आयबीएमच्या 1981 च्या पीसीमध्ये एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, होता 63.5 वॉटचा, आणि अख्ख्या पेटीत पंखा एकच, त्या एसएमपीएसमधला. प्रोसेसरवर हीटसिंकसुद्धा नव्हता. पेटीचे आकारमान उष्णतेने ठरत नव्हते. फ्लॉपी ड्राइव्ह आणि विस्तार-कार्डांचे स्लॉट यांना जागा हवी म्हणून ती तेवढी होती. 1995 मध्ये इंटेलने एटीएक्स हे प्रमाण आणले. त्यात मदरबोर्ड 305 बाय 244 मिमी झाला आणि स्क्रूची भोके, मागचे पोर्ट, एसएमपीएस यांच्या जागा ठरून गेल्या. सुरुवातीच्या एटीएक्समधली एक कल्पना आज गमतीदार वाटते. एसएमपीएसच्या पंख्याने बाहेरची हवा आत ओढावी आणि जाता जाता प्रोसेसरही थंड करावा, म्हणजे प्रोसेसरला वेगळा पंखा लागणार नाही, असा बेत होता. पण ती हवा एसएमपीएसमधून तापूनच बाहेर पडायची. पुढे पंख्याची दिशा उलटली, प्रोसेसरच्या डोक्यावर स्वतंत्र पंखा आला, आणि कॅबिनेट म्हणजे सगळ्यांनी एकच हवा वाटून घ्यायची खोली झाली. ग्राफिक्स कार्डाने टाकलेली गरम हवा प्रोसेसर ओढणार, प्रोसेसरने टाकलेली एसएमपीएस.

अशा सामायिक हवेत शांतता मिळवायचा एकच मार्ग होता, मोठे पंखे सावकाश फिरवणे. पंख्याचे गणित इथे फार उदार आहे. फेऱ्या निम्म्या केल्या तर हवा निम्मी होते, पण आवाज ढोबळमानाने 15 डेसिबलने उतरतो. आणि 10 डेसिबल उतरले की कानाला तो निम्मा वाटतो. सारख्याच घडणीचा 80 मिमीचा पंखा काढून 120 मिमीचा बसवला, तर तेवढीच हवा साधारण 30 टक्के वेगात सरकते. 2003 च्या अँटेक सोनाटाने हेच केले: मागे 120 मिमीचा पंखा आणि हार्ड डिस्क रबरी बुचांवर टेकवलेली, म्हणजे तिची थरथर पत्र्यात उतरणार नाही. दोन वर्षांनी अँटेकनेच व्हँकुव्हरच्या माइक चिन यांना हाताशी धरून पी180 काढले. चिन तेव्हा फक्त संगणकाच्या आवाजाचाच अभ्यास करत. पी180 ची तीन थरांची दारे गाजली, आणि त्यानंतर कित्येक वर्षे 'सायलेंट' म्हणजे आतून स्पंज चिकटवलेले जड दार असे समीकरण झाले. माझ्या मते त्यातली खरी मोलाची गोष्ट खाली होती: एसएमपीएसला तळाशी वेगळा कप्पा, त्याची हवा वेगळी. मधल्या काळात इंटेलने बीटीएक्स नावाचे नवे प्रमाण आणून पाहिले, तेही पेंटियम 4 च्या धगीपायीच. पुढचा मोठा पंखा सरळ प्रोसेसरवर हवा सोडणार, अशी मांडणी होती. 2006 मध्ये 65 वॉटचे कोअर 2 प्रोसेसर आले, धग ओसरली आणि बीटीएक्सही गेले.

लहान घराण्याचा उगम तैवानचा. 2001 मध्ये व्हीआयए कंपनीने 170 बाय 170 मिमीचा मिनी-आयटीएक्स बोर्ड मांडला. त्याच्या चार स्क्रूंची भोके एटीएक्सच्याच ठिकाणी ठेवली होती, हा दूरदर्शीपणा. त्यावरचे काही सावकाश प्रोसेसर पंख्याविना चालत, पण त्यांच्याकडून खेळ किंवा व्हिडिओ संपादनाची अपेक्षा नव्हती. त्याच सुमारास शटलच्या एक्सपीसी पेट्या आल्या. त्यांत पूर्ण ताकदीचा प्रोसेसर आणि उष्णता मागच्या पंख्याकडे नेणाऱ्या हीट-पाइप होत्या, पण पंखे इवलेसे, म्हणून आवाज चढा. अॅपलने 2000 मध्ये पॉवर मॅक जी4 क्यूबमधून पंखाच काढून टाकला होता. वर्षभरात ते यंत्रच थांबवावे लागले, जास्त करून किमतीमुळे. लहान, शांत आणि जोरकस यांतले एक सोडावेच लागे.

हा पेच कॅबिनेटवाल्यांनी सोडवला, असे म्हणता येणार नाही. आधी आतली अडगळ गेली. एसएसडीने हार्ड डिस्कचे कप्पे आणि त्यांची घरघर दोन्ही संपवले, सीडी ड्राइव्ह गेला. एसएफएक्स हा छोटा एसएमपीएस पूर्वी स्वस्त कार्यालयीन संगणकांत असे. 2016 पर्यंत तो 600 वॉटचा झाला, आणि भार हलका असताना पंखा थांबवणाराही. 2013 मध्ये लोकवर्गणीतून आलेल्या एनकेस एम1 ने साधारण साडेबारा लिटरमध्ये ग्राफिक्स कार्डाच्या बरोबर खाली दोन 120 मिमीचे पंखे बसवून दाखवले. त्याच्या पुढची पायरी जर्मनीतून आलेले, लियान लीने घडवलेले डॅन ए4-एसएफएक्स. सव्वासात लिटर. मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड पाठीला पाठ लावून उभे, मध्ये एक पत्रा, दोघांना जोडणारी चपटी रायझर केबल. प्रोसेसरचा कूलर 48 मिमीपेक्षा उंच चालत नाही. पण त्याचा पंखा बाजूच्या जाळीच्या इतका जवळ येतो की तो खोलीतलीच हवा ओढतो. पलीकडे कार्डाचेही तसेच. पी180 ने एसएमपीएसला दिलेला न्याय इथे सगळ्यांना मिळाला.

यावर पहिला आक्षेप असा की तेवढेच वॉट मोठ्या टॉवरमध्ये घातले तर तो अधिक शांतच राहील. खरे आहे. 160 मिमी उंचीच्या कूलरशी 48 मिमीचा कूलर बरोबरी करू शकत नाही. पण 65 वॉटचा प्रोसेसर आणि दोनशे वॉटच्या आतले कार्ड एवढ्यावर घरचे बहुतेक काम भागते, आणि तिथे हा फरक कानाला जेमतेम कळतो. दुसरा आक्षेप जाळीवर: आवाज अडवायला बंद दार नको का? हार्ड डिस्क कुरकुरत होती तेव्हा हवे होते. आता आवाज बहुतांशी हवेचाच आहे; दार बंद केले की पंखे वेगाने फिरतात आणि दाराने कमावलेले घालवतात. कार्डातल्या कॉइलची किणकिण जाळीतून बाहेर येते, एवढा तोटा मान्य.

तिसरा आक्षेप आपल्याकडचा. डोक्यावर छताचा पंखा गरगरत असताना कॅबिनेटच्या शांततेचे कौतुक कशाला? छताच्या पंख्याचा आवाज खालच्या पट्टीतला आणि एकसुरी असतो, त्याची सवय होते. छोटा पंखा दर मिनिटाला चढतो-उतरतो, आणि कान तो चढउतारच टिपतो. आपल्याकडची खरी अडचण वेगळी आहे. परदेशी परीक्षणे साधारण 22 अंशांच्या खोलीत होतात. तिथे 70 अंशांवर राहणारा प्रोसेसर नागपुरात मे महिन्यात, 38 अंशांच्या खोलीत, पंख्याच्या त्याच वेगाला 86 च्या आसपास जाईल. म्हणजे पंखा चढणारच. त्यात धूळ. बारीक जाळीचा फिल्टर तुंबला की थेट हवेचा सगळा फायदा जातो, म्हणून न खोलता बाहेरून काढता येणारा फिल्टर हा लिटरपेक्षा मोठा निकष मी मानतो.

पाठीला पाठ ही मांडणी सगळ्याच कार्डांना मानवत नाही. एनव्हिडियाच्या 2025 च्या आरटीएक्स 5090 फाउंडर्स एडिशनचे दोन्ही पंखे हवा कार्डाच्या आरपार काढतात, आणि ते 575 वॉटपर्यंत ओढते. डॅनसारख्या पेटीत ही तापलेली हवा मधल्या पत्र्यावर आपटून मदरबोर्डाची पाठ शेकते. असे कार्ड घ्यायचेच असेल तर एनकेससारखी मांडणी बघावी, जिथे कार्डाच्या खालून हवा येते आणि वरून बाहेर पडायला वाट असते. आणि रायझर असलेले कॅबिनेट जुने मिळत असेल, तर केबल पीसीआय एक्सप्रेसच्या कोणत्या पिढीची आहे ते आधी विचारावे. तिसऱ्या पिढीच्या केबलवर नवे कार्ड अडखळते, मग बायॉसमध्ये जाऊन वेग हाताने उतरवावा लागतो.