खेड्यातल्या शाळेचा निकाल: नागपूर भागातील मोजमापाचा इतिहास

नागपूर जिल्ह्यातील खेड्यांत प्राथमिक शाळा कशी चालते, हे ठरवण्याचे माप गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा बदलले. कधी पटावरची नावे मोजली गेली, कधी पास झालेली मुले, कधी चौथीपर्यंत टिकलेली, तर कधी सलग वाचता येणारी. माप बदलले तशी शाळेची शिकवण्याची रीतही बदलत गेली.

भोसल्यांच्या काळातील गावठी शाळेला बाहेरून लावलेले माप नव्हते. पंतोजी धूळपाटीवर अक्षरे गिरवून घेत, मोडी वाचायला शिकवत, पावकी-निमकीपासून दिडकी-अडीचकीपर्यंतचे पाढे घोकून घेत. मोबदला पालकांकडून पैशात किंवा धान्यात मिळे. मुलाला हिशेब जमला आणि खतपत्र वाचता आले की शिक्षण पुरे झाले असे धरत. या शाळा प्रामुख्याने वरच्या आणि व्यापारी जातींच्या मुलग्यांच्या होत्या. मुली आणि अस्पृश्य मानलेल्या जाती त्यांच्या बाहेरच राहिल्या.

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये नागपूर ही मध्यप्रांताची राजधानी झाली. पाठोपाठ शिक्षणखाते उभे राहिले आणि खात्याबरोबर तपासणी आली. शाळा तपासणारे डिप्टीसाहेब गावात आले की आधी हजेरीपट ताडून पाहिला जाई. मग मुलांकडून धडा वाचून घेणे, पाटीवर शुद्धलेखन घालणे, पाढे म्हणवणे आणि तोंडी हिशेब विचारणे असा क्रम चाले. जाताना शेरेबुकात शेरा लिहिला जाई आणि मास्तरांची बढती-बदली पुष्कळदा त्यावरच ठरे.

परीक्षेच्या निकालावर शाळेला पैसे देण्याची पद्धत इंग्लंडमध्ये १८६२ पासून रूढ होती. १८८२ च्या हंटर आयोगाने हिंदुस्थानातील अनुदानित प्राथमिक शाळांसाठी तिचीच शिफारस केली. हिशेब साधा होता: जितकी मुले पास, तितके अनुदान. परिणामही तितकाच सरळ झाला. परीक्षेत विचारले जाणारे धडे मुलांना तोंडपाठ होत आणि न विचारले जाणारे बाजूला पडत. १९०४ च्या शिक्षणविषयक सरकारी ठरावाने ही पद्धत मोडीत काढली, पण निकाल म्हणजे पास झालेल्यांची संख्या हा समज टिकून राहिला.

१९२० च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने मध्यप्रांतातील स्थानिक संस्थांना सक्तीचे शिक्षण लागू करण्याचा अधिकार दिला. पट वाढू लागला, पण मुले टिकत नव्हती. १९२९ मध्ये हार्टोग समितीने देशभराचा आकडा मांडला: १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या १०० मुलांपैकी १९२५-२६ मध्ये चौथीत जेमतेम १८ उरली होती. पेरणी-कापणीच्या दिवसांत शाळा सोडणारी मुले आता ‘गळती’ म्हणून, तर नापास होऊन त्याच वर्गात बसणारी ‘स्थगिती’ म्हणून खर्चाच्या खाती मोजली जाऊ लागली. पटाच्या आकड्याआड काय दडते, हे या मापाने प्रथमच उघड केले.

ऑक्टोबर १९३७ मध्ये नागपूरजवळच्या वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेने मापाचा प्रश्नच वेगळ्या रीतीने मांडला. तिथे मांडलेल्या गांधीजींच्या नई तालीममध्ये सूतकताई, शेती अशा उत्पादक कामातून गणित, भाषा आणि परिसराचे ज्ञान द्यायचे होते. त्याच सुमारास मध्यप्रांतातील काँग्रेस मंत्रिमंडळाच्या रविशंकर शुक्लांनी दान मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नावर चालणाऱ्या ‘विद्यामंदिर’ शाळांची योजना आणली. १९३९ अखेर या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि दोन्ही प्रयोगांमागचा सरकारी जोर ओसरला.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये ग्रामीण कारभार जनपद सभा या स्थानिक संस्थांकडे गेला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि काटोल, रामटेक, उमरेड, भिवापूर अशा तालुक्यांतील सरकारी प्राथमिक शाळा नागपूर जिल्हा परिषदेच्या झाल्या. डिप्टींची जागा पंचायत समितीतील विस्तार अधिकारी आणि पुढे केंद्रप्रमुखांनी घेतली. शिष्यवृत्ती परीक्षेत किती मुले आली, हे शाळेच्या लौकिकाचे माप बनले. एक शिक्षक चारही वर्ग सांभाळत असलेल्या शाळांना या शर्यतीत उतरणे कठीण होते. अशा शाळांना निदान दोन खोल्या आणि दोन शिक्षक मिळावेत, म्हणून १९८७ मध्ये खडू-फळा मोहीम निघाली.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत नापास करणे बंद झाले. पास-नापासाच्या जागी आकारिक आणि संकलित नोंदींवर आधारलेल्या श्रेणी आल्या. ‘प्रथम’ संस्थेची ‘असर’ पाहणी २००५ पासूनच वेगळे माप वापरत होती. जिल्ह्यातील निवडक खेड्यांत घरोघरी जाऊन मुलासमोर अक्षरे, शब्द, पहिलीचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट ठेवली जाते, त्यानंतर हातच्याची वजाबाकी आणि भागाकार. चाचणी घरी होत असल्याने गैरहजर आणि शाळाबाह्य मुलेही मोजणीत येतात. पाचवीतल्या अनेक मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही, हे या पाहणीने वर्षानुवर्षे दाखवले. जून २०१५ मध्ये राज्याने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम हाती घेऊन प्रत्येक मुलाची मूलभूत क्षमता तपासायला सुरुवात केली. पुढे कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२३-२४ पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा परत आली.

आज लहान गावांतील मापाला आणखी एक अडचण आहे. पालकांचा ओढा इंग्रजी माध्यमाकडे असल्याने आणि कुटुंबे शहराकडे सरकल्याने कित्येक शाळांचा पट विसाच्याही खाली गेला आहे. चौथीत चारच मुले असतील, तर एका मुलाने शाळेचा निकाल २५ टक्क्यांनी खालीवर होतो. अशा शाळेची टक्केवारी शेजारच्या मोठ्या शाळेशी ताडून काही कळत नाही. तेच मूल वर्षाच्या सुरुवातीला काय वाचत होते आणि शेवटी काय वाचते, ही तुलनाच तिथे उपयोगी पडते.