इलिनॉय सिनेटचा तेरावा मतदारसंघ

इलिनॉय सिनेटचा तेरावा मतदारसंघ हा अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहातील ५९ मतदारसंघांपैकी एक आहे. तो मुख्यत्वे शिकागो शहराच्या दक्षिण भागात, मिशिगन सरोवराच्या काठाने पसरलेला आहे. शिकागो विद्यापीठाचा हाइड पार्क परिसर दीर्घकाळ या मतदारसंघाशी जोडलेला आहे. अमेरिकेचे ४४वे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांचे पहिले निर्वाचित पद याच मतदारसंघाचे होते.

रचना

इलिनॉयमध्ये प्रत्येक सिनेट मतदारसंघाचे दोन भाग केलेले असून त्या प्रत्येकातून कनिष्ठ सभागृहाचा एक सदस्य निवडला जातो. तेराव्या मतदारसंघात कनिष्ठ सभागृहाचे २५वा व २६वा हे मतदारसंघ येतात. सिनेट सदस्यांची मुदत सरसकट समान नसते. दर दहा वर्षांच्या काळात दोन वर्षांची एक व चार वर्षांच्या दोन अशा मुदती असतात. मुदत संपण्यापूर्वी जागा रिकामी झाल्यास ती आधी नियुक्तीने भरली जाते. मावळता सदस्य ज्या पक्षाचा असेल, त्या पक्षाच्या स्थानिक पदाधिकाऱ्यांची समिती नव्या सदस्याची नियुक्ती करते.

प्रतिनिधी

रिचर्ड न्यूहाउस (डेमोक्रॅटिक) : १९६७ ते १९९१ सिनेट सदस्य, अखेरच्या काळात या मतदारसंघातून
अ‍ॅलिस पामर (डेमोक्रॅटिक) : १९९१–१९९७
बराक ओबामा (डेमोक्रॅटिक) : १९९७–२००४
क्वामे राउल (डेमोक्रॅटिक) : २००४–२०१९
रॉबर्ट पीटर्स (डेमोक्रॅटिक) : २०१९ पासून

१९९६ची निवडणूक

१९९५ साली पामर यांनी राष्ट्रीय प्रतिनिधिगृहाची निवडणूक लढवण्याचे ठरवले. त्यामुळे रिकाम्या होणाऱ्या जागेसाठी ओबामा पुढे आले. नोव्हेंबर १९९५च्या पक्षांतर्गत निवडणुकीत जेसी जॅक्सन (धाकटे) यांच्याकडून पराभव झाल्यावर पामर यांनी सिनेटची जागा राखण्यासाठी पुन्हा अर्ज भरला. ओबामा यांनी माघार घेण्यास नकार दिला. त्यांच्या बाजूने प्रतिस्पर्ध्यांच्या अर्जांवरील मतदारांच्या सह्यांना आव्हान देण्यात आले. छाननीत सह्या अपुऱ्या ठरल्यामुळे पामर यांच्यासह इतर सर्व उमेदवार स्पर्धेबाहेर गेले आणि मार्च १९९६ची पक्षांतर्गत निवडणूक बिनविरोध झाली. डेमोक्रॅटिक पक्षाचे प्राबल्य असलेल्या या मतदारसंघात नोव्हेंबरमधील विजय त्यानंतर जवळपास निश्चित होता.

फेररचना

२००० सालच्या जनगणनेनंतर सीमा ठरवणाऱ्या आयोगात दोन्ही पक्षांचे बळ समसमान झाले. राज्यघटनेतील तरतुदीनुसार चिठ्ठी काढून निर्णय झाला व कौल डेमोक्रॅटिक पक्षाच्या बाजूने गेला. नव्या नकाशात तेरावा मतदारसंघ सरोवराच्या काठाने उत्तरेकडे, शहराच्या श्रीमंत वस्त्यांपर्यंत नेण्यात आला. २००२च्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाला सिनेटमध्ये बहुमत मिळाले. त्यानंतर ओबामा आरोग्य व मानवी सेवा समितीचे अध्यक्ष झाले. खुनाच्या गुन्ह्यांतील पोलीस चौकशीचे चित्रीकरण बंधनकारक करणारा कायदा त्यांच्या पुढाकाराने झाला.

नंतरचा काळ

नोव्हेंबर २००४मध्ये राष्ट्रीय सिनेटवर निवडून आल्यावर ओबामा यांनी राजीनामा दिला आणि क्वामे राउल यांची नियुक्ती झाली. २०११ साली राज्यातील मृत्युदंड रद्द करणारे विधेयक सिनेटमध्ये राउल यांनी मांडले. २०१८मध्ये ते राज्याचे महाधिवक्ता म्हणून निवडून आले. त्यांच्या जागी जानेवारी २०१९मध्ये रॉबर्ट पीटर्स नियुक्त झाले. जामिनासाठी रोख रक्कम भरण्याची पद्धत बंद करणाऱ्या कायद्याच्या पुरस्कर्त्यांमध्ये पीटर्स यांचा समावेश होता. सप्टेंबर २०२३मध्ये तो कायदा अमलात आला आणि ही पद्धत पूर्णपणे बंद करणारे इलिनॉय हे अमेरिकेतील पहिले राज्य ठरले.

वैशिष्ट्य

पामर, राउल व पीटर्स हे तिघेही प्रथम नियुक्तीने सभागृहात आले, तर ओबामा यांची पहिली उमेदवारी पक्षांतर्गत निवडणुकीत बिनविरोध ठरली. एका पक्षाचे निर्विवाद वर्चस्व असलेल्या मतदारसंघात प्रतिनिधीची खरी निवड अनेकदा मतदानापूर्वीच, अर्जांच्या छाननीत किंवा पक्षाच्या समितीत होते, हे या मतदारसंघाच्या इतिहासावरून दिसते.