पेरणाऱ्याच्या पश्चात

पूर्वजांच्या करणीचे फळ वंशजांनी का भोगावे, हा प्रश्न सर्वच धर्मांपुढे उभा राहिलेला आहे. ख्रिस्ती धर्मग्रंथात त्याची दोन उत्तरे आढळतात. निर्गमाच्या पुस्तकात बापाच्या अपराधाचे शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोहोचते असे सांगितले आहे. यहेज्केल हा संदेष्टा मात्र पुत्राला पित्याच्या पापाचा वाटेकरी धरावयास साफ नकार देतो. ही दोन मते परस्परविरोधी वाटतात खरी. पण आमच्या सासष्टीचा इतिहास पाहिला म्हणजे दोन्ही एकाच वेळी खरी कशी ठरतात, हे ध्यानी येते.

सोळाव्या शतकाच्या सातव्या दशकात पोर्तुगीज अंमलाखालील सासष्टीत शेकडो देवळे पाडण्यात आली. कुठ्ठाळीचा श्रीमंगेश प्रियोळास, केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास व वेर्ण्याची श्रीम्हाळसा म्हार्दोळास गेली. ज्यांनी हुकूम सोडले ते थोड्याच वर्षांत मातीस मिळाले. परंतु त्या कुळांचे वंशज आज साडेचारशे वर्षांनंतरही कुलदैवताच्या दर्शनाला मूळ गावी न जाता अंत्रुजाची वाट धरतात. करणाऱ्याचे आयुष्य सरते, केलेल्याचे सरत नाही.

त्याच सासष्टीत २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात उतरलेला एक इंग्रज जेझुइट, फादर थॉमस स्टीफन्स, पुढे आयुष्यभर वावरला. त्याचा हेतू धर्मप्रसाराचाच होता, हे लपवावयाचे कारण नाही. परंतु लोकांना उपदेश करावयाचा तर त्यांच्याच वाणीने, हे त्याने ओळखले. जुनी पुराणे हिरावली गेलेल्या नवख्रिस्त्यांसाठी त्याने सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याचे कोकणी व्याकरण मात्र त्याच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी, १६४० साली प्रसिद्ध झाले.

पुढे १६८४ साली व्हाइसरॉयने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. मुदत संपली, शतके लोटली, पोर्तुगीज सत्ताही १९६१ साली गेली, भाषा राहिली. स्टीफन्सचे व्याकरण १८५७ साली कुन्य रिव्हार यांनी पुन्हा छापले. पुराणाच्या पहिल्या छपाईची एकही प्रत आज ज्ञात नाही. तथापि भाविकांनी जपलेल्या हस्तलिखितांवरून ते १९०७ साली मंगळूर येथे, व पुढे देवनागरीतही प्रकाशित झाले. एकाच धर्माच्या नावाने वावरलेल्या माणसांनी दोन प्रकारचे बी पेरले, आणि दोन्हींचे पीक आम्ही कापीत आहो.

मग दोष कोणाचा? कुंकळ्ळीकडे पाहावे. १५८३ साली तेथे देवळांच्या विध्वंसाने संतापलेल्या ग्रामस्थांनी पाच जेझुइटांना ठार केले. सत्ताधाऱ्यांनी गावच्या प्रमुखांना बोलणीच्या मिषाने आसोळणेच्या किल्ल्यात बोलावून त्यांचा वध केला. देवी फातर्प्यास गेली. आजही फाल्गुनात ती बारा वांगडांच्या रंगीत छत्र्यांसह कुंकळ्ळीस येते, तेव्हा त्याच कुळांतले ख्रिस्ती गावकरही त्या उत्सवात सामील होतात. त्यांना पूर्वीच्या हुकमांचे वारस कोण म्हणेल? तेही त्याच आघाताचे वारस आहेत.

यहेज्केलाचे म्हणणे येथे पटते: दोष वारशाने येत नाही. निर्गमाचे म्हणणेही खोटे नाही: परिणाम वारशाने येतो. म्हणूनच शेजाऱ्याकडे पूर्वजांच्या अपराधाचा जाब मागण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु आमची मुले कोणती भाषा वाचतील, कोणत्या शेजाऱ्याला आपला म्हणतील, हे आजच्या आमच्या वागण्यावर ठरणार आहे. त्या वेळी उत्तर द्यावयास आम्ही नसू. म्हणून विचार आजच केला पाहिजे.